पहिलं भोक, तिसरं भोक: चार बोल्टांच्या जोडातल्या भारवाटणीच्या नोंदी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

खडी क्रशरच्या चाळणीखालची तिरकी पट्टी पुन्हा तुटून आली. दोन वर्षांतली ही तिसरी. जोड अगदी साधा आहे: मध्ये ५० बाय १२ मिमीची फ्लॅट, म्हणजे मधली पट्टी, दोन्ही अंगांना ६ मिमीच्या कव्हर पट्ट्या, एका रांगेत चार एम-१२ बोल्ट, दोन बोल्टांत ६० मिमी अंतर. तिन्ही तुटक्या पट्ट्या आज टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. दोघींना चीर पहिल्या भोकातून गेली आहे. एकीला मात्र तिसऱ्या.

पहिल्या भोकाचं कोडं नाही. मधल्या पट्टीत तिथपर्यंत सगळा भार शाबूत असतो, वर भोकाने पट्टीचं मांस खाल्लेलं, वर बोल्टचा दाब. चाळण दिवसभर थरथरत असते, चीर जायची तर तिथेच जाणार. पण तिसऱ्या भोकापर्यंत येईतो आधीच्या दोन बोल्टांनी आपापला वाटा उचललेला असतो. तिथे पट्टीत निम्माच भार उरायला हवा. मग तिथून चीर का?

ऑफिसात उत्तर तयार आहे: चारचे सहा बोल्ट करा. हिशेबाच्या कागदावर ६० किलोन्यूटन भागिले ४, बोल्टमागे १५. सहाने भागलं की १०. भागाकार बरोबर आहे. बोल्ट तो मानतात का, एवढंच बघायचंय. जिथे एम. ई. केलं त्या कॉलेजातल्या सरांना फोन केला. दर शनिवारी यूटीएम (नमुने ओढून तपासायचं यंत्र) रिकामं असतं, ये म्हणाले.

सोमवार, ८ जानेवारी

मोजायच्या आधी काय अपेक्षित आहे ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःला फसवायला जागा राहणार नाही.

वरच्या जबड्यात मधली पट्टी, खालच्या जबड्यात दोन्ही कव्हर. वरून बोल्ट १, २, ३, ४. एक आणि दोनच्या मधल्या टप्प्यात मधल्या पट्टीत भार जास्त, म्हणून ती जास्त ताणते. कव्हरमध्ये नुकताच भार शिरलाय, ती कमी ताणतात. हा ताणाताणीतला फरक कुणीतरी सोसायचा, तो पहिला बोल्ट सोसतो. खालच्या टोकाला उलट: कव्हर जास्त ताणतात, मधली पट्टी कमी, आणि भुर्दंड चौथ्याला. मधल्या टप्प्यात दोघी सारख्याच ताणतात, त्यामुळे दोन आणि तीन जरा आरामात. रिव्हेटच्या जोडांसाठी हा हिशेब फोल्करसनने १९३८ मध्ये जर्मनीत मांडला, विमानांच्या निमित्ताने. सरांनी १९४६चं नाकाचं एक टिपणही दिलं (नाका म्हणजे नासाची पूर्वज संस्था). टेट आणि रोझेनफेल्ड यांनी त्यात बोल्टागणिक भार काढला आहे. आपण काही नवीन शोधत नाही, हे बरंच आहे.

आकडे: पट्टीच्या ६० मिमी लांबीचा ताठपणा सुमारे २०५० किलोन्यूटन प्रति मिमी. एका बोल्टचा, हूथच्या १९८६च्या सूत्राने, सुमारे ६६०. यातून वाटणी येते ३१, १९, १९, ३१ टक्के. म्हणजे ६० किलोन्यूटनपैकी टोकाच्या प्रत्येकी पावणेएकोणीस, आतल्यांना सव्वाअकरा.

त्या ६६०कडे मी बराच वेळ बघत बसले. बोल्टला एक शतांश मिलिमीटर जास्त रेटलं की साडेसहा किलोन्यूटन भार बदलतो. आणि आपण भोकं पाडतो १३ची, बोल्ट १२चा.

शनिवार, १३ जानेवारी

फोरमन काकांनी दोन संच करून आणले.

संच 'अ' नेहमीसारखा: प्रत्येक पट्टीवर वेगळी आखणी, पंच, १३ मिमी ड्रिल. मुद्दाम सांगितलं होतं की साइटला जातो तसाच हवा, जास्त प्रेमाने करू नका. संच 'ब': तिन्ही पट्ट्या एकावर एक धरून, कडेला टाके मारून, एकदमच ११.८ने ड्रिल आणि मग १२चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार). त्यासाठी १२ मिमी खांद्याचे शोल्डर बोल्ट आणले. बारा घेतले, मायक्रोमीटरने मोजून त्यातले चार निवडले: ११.९६२ ते ११.९६६. खांदा २५ मिमी, जोडाची जाडी २४, म्हणजे नट कितीही आवळला तरी पट्ट्या दाबल्या जात नाहीत. घर्षण जवळजवळ शून्य, भार जाईल तो बोल्टमधूनच.

'अ'ची अंतरं व्हर्निअरने घेतली. मधल्या पट्टीत ६०.१, ५९.७, ६०.२; एका कव्हरमध्ये ६०.०, ६०.२, ५९.९. काका म्हणाले, "मॅडम, पाव मिलिमीटरच्या आसपास आहे की सगळं. बोल्ट बघा कसे हाताने गेले." गेले खरे. एक मिमी ढिलाई आहे म्हणून गेले. काम वाईट नाही, आयएस ८००ला (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) चालतं तेवढंच भोक आहे. पण बोल्ट हाताने जाणं आणि चारही बोल्ट एकाच वेळी भिंतीला टेकणं यांत फार अंतर आहे.

हे काकांना सांगताना शब्द सापडेनात. तेच म्हणाले, "म्हणजे पालखीसारखं. जो भोई उंच त्याच्या खांद्यावर." अगदी तेच. फक्त इथे उंचीतला फरक केसाच्या जाडीएवढा.

शनिवार, २० जानेवारी

आज फक्त स्ट्रेन गेज चिकटवणं (पट्टी ताणली की यातल्या तारेचा विद्युत रोध बदलतो, त्यावरून ताण कळतो). सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सोळा गेज. दोन्ही संचांच्या मधल्या पट्टीच्या कडांवर, म्हणजे १२ मिमी रुंद बाजूवर: पहिल्या बोल्टच्या वर एक जोडी, आणि दर दोन बोल्टांच्या बरोबर मध्ये एकेक. डावीकडे एक, उजवीकडे एक, कारण पट्टी जबड्यात सरळ धरली जाते यावर माझा विश्वास नाही. वाचनं नोंदणाऱ्या लॉगरला चॅनल आठच, तेव्हा एका वेळी एकच संच.

पद्धत अशी की बोल्टचा भार थेट मोजायचाच नाही. बोल्टच्या वर पट्टीत किती आणि खाली किती, त्यांची वजाबाकी म्हणजे बोल्टने घेतलेला. बोल्टलाच भोक पाडून आत गेज बसवतात, पण तो मुख्यतः आवळण्याचा ताण सांगतो. कातरभार मोजायचा तर बोल्टला खाचा करून तिरके गेज लावावे लागतात, आणि मग तो आपला बोल्टच राहत नाही.

कडेवरची काळी खपली कानशीने, मग २२०, मग ३२०चा पॉलिश पेपर, मग अ‍ॅसिटोनचा बोळा एकाच दिशेने, बोळा पांढरा निघेपर्यंत. पेन्सिलीने आडवी-उभी रेघ. गेज काचेवर उलटा ठेवून टेपने उचलायचा, रेघांवर बसवायचा, टेप अर्धी मागे दुमडायची, फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचा एकच थेंब, आणि अंगठा मिनिटभर. टेप काढताना ती पाठीवर दुमडून ओढायची. मी सहावा गेज काढताना घाईत वर उचलली, आणि पापुद्र्यासकट तार हातात आली. दोनशेचं नुकसान आणि सगळं पुन्हा कानशीपासून.

लॅबमधल्या मामांनी सोल्डरिंग केलं. माझा हात तिथे थरथरतो. शेवटी इन्सुलेशन तपासलं: पंधरा गेज शंभर मेगओहमच्या वर, एक जेमतेम तीन. मामांनी बघितल्याबरोबर सांगितलं, "घामाचं बोट लागलंय." हेअर ड्रायरने वाळवलं, चढला.

६० किलोन्यूटनला पट्टीत ४८८ मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दशलक्षांशात मोजलेला ताण) येणार. १२० ओहमच्या गेजचा रोध त्याने बदलतो ०.१२ ओहम. एवढ्यासाठी एवढी साफसफाई.

शनिवार, २७ जानेवारी

संच 'ब', पण आज खरी चाचणी नाही. आधी गेजची परीक्षा.

कडेवरचा गेज पट्टीचा सरासरी ताण दाखवत नाही. भार भोकाला वळसा घालून कडेने जातो, त्यामुळे कडेला जरा जास्तच दिसतो. याचा हिशेब संगणकावर करता येतो, पण सरांनी सोपी युक्ती सांगितली. फक्त चौथा बोल्ट घाला, बाकी तीन काढा. मग मधल्या पट्टीच्या तिन्ही टप्प्यांत पूर्ण भार असलाच पाहिजे, जायला दुसरी वाटच नाही. आता फक्त पहिला घाला. तिन्ही टप्प्यांत शून्य आलं पाहिजे. जोडच आपली वजनं आपण देतो.

२० किलोन्यूटन लावले. पहिल्या खेपेला पहिल्या बोल्टच्या वरच्या जोडीत डावीकडे १९०, उजवीकडे १३६ मायक्रोस्ट्रेन. सरासरी १६३, जी हवी तीच, पण पट्टी जबड्यात वाकडी. सोडून पुन्हा धरली, फरक १०च्या आत आला. चौथ्या बोल्टवर तीन टप्प्यांत वाचन, किलोन्यूटनमध्ये, २०.९, २१.१, २१.६. म्हणजे प्रत्येक जागेचा आपापला गुणक मिळाला. पहिल्या बोल्टवर तिन्ही ठिकाणी ३ मायक्रोस्ट्रेनच्या आत, शून्यच म्हणायचं.

चारही बोल्ट असताना भाराचा प्रवाह थोडा वेगळा असणार, तेव्हा हे गुणक तंतोतंत लागू नाहीत. शिवाय बोल्टचा आकडा ही दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, चूक तिथे बळावते. बोल्टमागे एक किलोन्यूटन इकडे तिकडे धरून चालते.

शनिवार, ३ फेब्रुवारी

संच 'ब', चारही बोल्ट.

१० किलोन्यूटनला: ४.१, ०.६, १.४, ३.९. दुसरा बोल्ट जवळपास झोपलेला. चार मायक्रॉनचा फरक इतक्या कमी भाराला दिसतो, मीच निवडलेले बोल्ट असूनही. भार वाढवत गेलो तसा तो जागा झाला. ६० ला: १८.१, ११.८, ११.०, १९.१.

टक्क्यांत ३०, २०, १८, ३२. कागदावर ३१, १९, १९, ३१ लिहून ठेवलं होतं.

तीनदा उतरवून चढवलं, दर वेळी अर्ध्या किलोन्यूटनच्या आत तेच. सर काही बोलले नाहीत, फक्त त्या १९४६च्या टिपणाच्या झेरॉक्सवर आजची तारीख टाकून दिली. मामांनी चहा सांगितला.

शनिवार, १० फेब्रुवारी

संच 'अ'. १३ची भोकं, साधे ८.८ प्रतीचे एम-१२, नट बोटाने लावलेले. चौथ्या बोल्टवरची परीक्षा आधी उरकली.

चारही बोल्ट घालून भार चढवायला लागलो. १०: सगळा तिसऱ्या बोल्टवर. २०: तिसऱ्यावर. ३०: तिसऱ्यावर. मला वाटलं चॅनलच्या तारा अदलाबदल झाल्या. यूटीएम थांबवून प्रत्येक गेजजवळ बोटाची ऊब देऊन पडद्यावर कोण हलतो ते बघितलं. तारा बरोबर होत्या.

६० ला: पहिला १४, दुसरा ०, तिसरा ४६, चौथा ०.

पुन्हा लिहिते, कारण स्वतःलाच खरं वाटत नाही. ज्या बोल्टवर हिशेबाने १५ यायचे, फोल्करसनने ११, त्यावर ४६. दोन बोल्ट नुसते शोभेला. जोड बाहेरून बघितला तर चारही बोल्ट सारखेच, चारही वॉशर सारखेच.

आणि टेबलावरची ती तिसरी पट्टी. तिच्या तिसऱ्या भोकात काय झालं असेल ते आज कळलं. तिसऱ्या भोकापाशी निम्मा भार उरतो हे गणित बोल्ट सारखे टेकलेले असतील तेव्हाचं. इथे तिसऱ्यापर्यंत ६० पैकी ४६ तसेच आले, आणि त्याच भोकाच्या भिंतीवर उतरले. बोल्ट काढून टॉर्चने बघितलं: 'अ'च्या मधल्या पट्टीच्या तिसऱ्या भोकात खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा चकचकीत डाग. तुटक्या पट्टीच्या तिसऱ्या भोकातही तशीच कोर आहे, गंजाखाली.

संध्याकाळी ९० पर्यंत नेलं, शेवटी हा संच जाणारच होता. तिसरा ५०, पहिला ३१, चौथा ९, दुसरा अजून शून्य. म्हणजे तिसऱ्या भोकाची भिंत जरा दबली आणि वाटणी सुधारायला लागली. स्थिर भाराच्या इमारतीत म्हणूनच समान भागाकार चालतो: लोखंड स्वतः दबून शेजाऱ्याला कामाला लावतं. पण चाळणीच्या पट्टीला रोजचा भार कमी आणि फेरे लाखांनी. तिथे दबण्याइतका भार येतच नाही, तिसऱ्या बोल्टची सुटका होत नाही.

शनिवार, १७ फेब्रुवारी

संच 'अ'ची तीन भोकं दबली होती, म्हणून काकांनी दुसऱ्या बाजूच्या टोकाला नवी भोकं मारून दिली, गेजही नवे. (खर्चाच्या वहीत याचं स्पष्टीकरण द्यावं लागणार.) आज ढिलं नाही, टॉर्क पान्याने ८५ न्यूटनमीटर.

या टॉर्कला बोल्टमध्ये अंदाजे ३५ किलोन्यूटनचा ताण बसतो. अंदाजे, कारण टॉर्कवरून ताण काढणं म्हणजे पाव हिस्सा इकडे तिकडे. आट्याला तेल किती यावर सगळं. दोन पृष्ठभाग, चार बोल्ट, आणि साफ न केलेल्या लोखंडाचा आयएस ८००मधला घर्षणांक ०.२०. म्हणजे ५६ किलोन्यूटनपर्यंत बोल्ट भिंतीला टेकायचंच कारण नाही.

६० ला: २१, ९, ९, २१. भोकं तशीच वाकडी, पण वाटणी जवळपास सुबक. घर्षणाला भोकाशी देणंघेणं नाही. टोकांना जास्त येतं ते इथेही, उलट थोडं अधिकच, कारण आवळलेला जोड जास्त ताठ.

७४ ला टक् असा आवाज झाला आणि मामा दचकले. जोड ०.४ मिमी सरकला. त्यानंतरचं वाचन: आतल्या एका बोल्टवर अचानक दुप्पट. परत पालखी, परत उंच भोई.

साइटच्या माणसाला फोन करून विचारलं, तिसरी पट्टी उतरवली तेव्हा नट कसे होते? "हाताने फिरत होते ना मॅडम, म्हणूनच तर खडखडत होती."

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज कॉलेजला गेले नाही. घरीच सहा बोल्टांचा हिशेब केला, कारण सोमवारी मीटिंगमध्ये तोच प्रश्न येणार.

एकाच रांगेत सहा, त्याच पट्ट्या, अचूक भोकं धरून: २८, १४, ८, ८, १४, २८ टक्के. टोकाचा बोल्ट १८.७ वरून १६.८ किलोन्यूटनवर आला. दोन जादा बोल्ट, १२० मिमी जादा पट्टी, आणि टोकाला दिलासा दोन किलोन्यूटनहून कमी. आतले दोन तर पाचच्याही खाली. आणि भोकं आत्तासारखीच पाडली तर हेही नाही. सहातला उंच कोण, एवढाच प्रश्न.

आयएस ८०० हे एका ओळीत सांगतं: जोडाची लांबी बोल्टच्या व्यासाच्या १५ पटींवर गेली की ताकद कमी धरा. आपला जोड १८० मिमी, म्हणजे बरोबर १५ पट, कडेवर उभा. सहा बोल्ट केले की ३०० मिमी, आणि गुणक ०.९५. हा नियम हवेतून आलेला नाही. अमेरिकेत लीहाय विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लांब जोड तुटेपर्यंत ओढले. टोकाचे बोल्ट आधी कातरले गेले, मग त्यांच्या शेजारचे, सदऱ्याची बटणं तटातट जावीत तसे.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मीटिंग वीस मिनिटांची. १० तारखेचा तक्ता दाखवला: १४, ०, ४६, ०. पुढचे दोन तक्ते दाखवायची वेळ आली नाही.

ठरलं असं: बोल्ट चारच. तिन्ही पट्ट्या एकत्र धरून ड्रिल. पृष्ठभाग रंगाविना, शॉट ब्लास्ट करून. टॉर्क ८५, आणि नट-बोल्टवर पेंटची रेघ, म्हणजे नट फिरला तर लांबून दिसेल. मला रीमरही हवा होता, खर्चात गेला. आवळलेलं टिकलं तर रीमर लागणारही नाही, पण थरथरणाऱ्या जोडात 'टिकलं तर' या शब्दांवर माझा फार भरवसा नाही.

काकांची हरकत मात्र बिनतोड होती. "एकत्र भोकं पाडली तर त्या तीन पट्ट्या एकमेकींच्याच झाल्या. उद्या साइटवर एक बदलायची म्हटली तर?" तीन मिळून एक संच, संचच बदलायचा, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण होकाराची होती असं वाटलं नाही.

शनिवार, २ मार्च

पहिले चार संच तयार. काकांनी प्रत्येक पट्टीच्या टोकाला पंचाने नंबर मारलाय: १-म, १-डा, १-उ. मधली, डावी, उजवी. ड्रॉइंगवर टीप टाकली: नंबर जुळवूनच जोडणे.

दुपारी साइटवरून मेसेज. चारही संच मिळाले, दोन बसवले. बाकीच्यांचे नंबर रंगाखाली गेले, त्यांनी पोचल्याबरोबर लाल ऑक्साइड मारला. आणि एक मधली पट्टी क्रेनखाली वाकली आहे, तेवढी एकच पाठवा.